वारा पडलेला दिवस

गुलमंडीत पंखे दुरुस्त करणाऱ्या शफीभाईंच्या मुलीनं, सगीरानं, विज्ञान प्रदर्शनासाठी छोटी पवनचक्की केली होती. तिच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, बाटलीत साठवायचा आणि लागेल तेव्हा त्या गॅसची पुन्हा वीज करून दिवा लावायचा. पण प्रदर्शनाच्या दिवशी वारा पडला. पाती हलेनात.

"सगीरा, फुंकर मार की!" शेजारच्या टेबलावरची पोरं हसली.

सोबत आलेल्या शफीभाईंना बघवेना. सगीरा परीक्षकांना बोलवायला गेली, तेवढ्यात त्यांनी आपल्या पिशवीतली बॅटरी टेबलाखाली लपवली आणि दिव्याच्या तारा काढून तिला जोडल्या.

सगीरानं बटण दाबलं. दिवा लागला.

"वा! वडिलांनी मदत केली वाटतं?" परीक्षकांनी विचारलं.

"नाय सर, अब्बांना मी हातसुद्धा लावू दिला नाही."

शफीभाईंनी मान खाली घातली. पहिला नंबर सगीराचा आला.

संध्याकाळी सामान आवरताना त्यांनी बॅटरी गुपचूप पिशवीत टाकली. सगीरा मात्र बाटली हातात घेऊन उभीच होती.


"अब्बा, काल गच्चीवर लई वारा होता, म्हणून मी ही पूर्ण भरून ठेवली होती. दिवा एवढा वेळ चालला, तरी गॅस जरासुद्धा कमी कसा झाला नाही?"