तीच भूक

मधुमेह जडल्यावर हैबतीची भूक राक्षसी झाली, तरी अंग मात्र झडतच गेलं. महाडच्या डॉक्टरांनी त्याचं खाणं तोडलं. बायको ठकूबाई काळजावर दगड ठेवून त्याला घासभर अन्नावर जगवत राहिली; हळूहळू त्याची भूकही मेली. यंदा मुंबईहून इन्शुलिन नावाचं नवंच औषध आलं. दवाखान्यात रोज सुई सुरू झाली, आणि हैबती पुन्हा भाकरीवर भाकरी मागू लागला. ठकूबाई घाबरून डॉक्टरांकडं आली. "दुखणं उलटलं. तीच भूक परत आली हाय." "तेव्हा खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, बाई. औषधानं आता लागतंय. जेवू घाला." "तुमीच सांगितलंत, अन्न म्हंजे विष." "तेव्हा होतं." कोणतं खरं, तिला उमजेना. घरी तिनं हैबतीपुढं नाचणीची भाकरी ठेवली, पण भाकरीवरचा हात काही केल्या उचलता येईना. "सोड गो," तो म्हणाला. तिनं अर्धी मोडून दिली. अर्धी पदराखाली धरून बसली.