नॉ बॅड

ग्लासगोला आल्यापासून कस्तुरीला शेजारच्या इशबेलबाईंचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं, पण आजचं मात्र स्वच्छ कळलं. दोन दिवस राबून केलेल्या पुरणपोळ्या बाईंनी तुपात बुडवून चांगल्या चार हाणल्या, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "नॉ बॅड."

"वाईट नाही? एवढंच?" बाई गेल्या तशी कस्तुरीने परात सिंकमध्ये आदळली.

मिलिंद हसत सुटला. "अगं, याहून मोठा कौतुकाचा शब्दच नाही इथे. आमच्या बॉसला जुळी झाली. 'कशी आहेत?' विचारलं, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, 'नॉ बॅड.'"

कस्तुरीचा चेहरा असा काही खुलला! "अय्या, म्हणजे खूप आवडल्या त्यांना? इतकी प्रेमळ बाई, आणि मी उगाच फुगून बसले!"

हीटरला पाठ लावून बसलेल्या, पुण्याहून आलेल्या सासूबाई इतका वेळ सगळं ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला.



"आणि मी बारा वर्षं तुझ्या पोळीला 'बरी झालीये' म्हणते, ते काय होतं गं?"