मार्च चालू आहे

बारा वाजून वीस मिनिटांनी बागायतदार संघाच्या शाखेत इंटरनेट सुरू झालं. बारा सव्वीसला ते बंद करण्यात आलं. दप्तरी नोंद अशी आहे, की ते सुरू झालंच नव्हतं.

तक्रार पालघरच्या मुख्य कचेरीची होती. यंदापासून सगळं ऑनलाइन करायचं ठरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तारापूरकडच्या शाखेतला कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरशी बोलतो, प्रिंटरला कामाला लावतो, पण इंटरनेट काही उघडत नाही. बोईसरहून स्कूटरवर आलेल्या वैभवीची ही तिसरी खेप. पहिल्या वेळी तिने वायर बदलली होती, दुसऱ्या वेळी राउटर. आता बदलण्यासारखे शाखेचे कारकून आत्माराम तेवढे उरले होते. तीन खेपांत दोष सापडला नाही, तर तिच्या कंपनीत ते दुरुस्तीला गेलेल्या माणसाच्या नावावर लिहितात.

आत्माराम बाजूला खुर्ची घेऊन बसले होते. शाखेत आणखी कोणी नव्हतं. चिकूचे व्यापारी हल्ली टेम्पो घेऊन थेट वाडीवर जातात. शाखेत फक्त कॅलेंडर वाटणारे येतात, तेही जानेवारीत.

"काका, यातली तारीख बघितली का? नऊ मार्च दोन हजार एकोणीस."

"शनिवार," आत्माराम म्हणाले.

"आज शनिवार नाही."

"त्याच्यात हाय."

वैभवीने तारीख आजची केली. इंटरनेट ताबडतोब आलं. एकोणीस सालातून आलेल्याला आज आत घ्यायचं नाही, असा वेबसाइटांचा नियम असतो. बाकी काही बिघडलेलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातली एक छोटी चौकट करडी झाली. 'मोफत वापराची मुदत संपली आहे. जुने निरोप पाहण्यासाठी प्रोग्राम विकत घ्या.'

आत्माराम उठून उभे राहिले. "बाय, मागं घे ते."

"काय आहे हे?"

"निरोपाचा प्रोग्राम. या खोलीतनं त्या खोलीत."

"मग विकत घेऊन टाकू. आता इंटरनेट आहे तुमच्याकडे."

तिने शोधलं. ती कंपनी कधीच बंद पडली होती. इतक्या वर्षांनी इंटरनेटवर आलेल्या त्या कॉम्प्युटरने पहिलीच गोष्ट शोधली, ती जगात नव्हती.

वैभवीने तारीख पुन्हा मागे नेली. इंटरनेट गेलं, पण चौकट करडीच राहिली. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तोवर आत्मारामांचा चष्मा दोनदा पुसून झाला आणि ते तिसऱ्यांदा पुसायला लागले. चौकट पांढरी झाली. निरोप परत आले.

'चहा?' अकरा पाच.

'आणा.' अकरा नऊ.

खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच.

"आत हेमांगी बसायची," आत्माराम म्हणाले. "एक एप्रिलला तिची पालघरला बदली झाली, आन् त्याच दिवशी याची पण मुदत संपली. दोनी एकदम कसं जाऊ द्यायचं? म्हणून एकतीस मार्च झाला की मी परत एक मार्च करतो."

"आणि पालघरची कामं?"

"मोबाइलवर करतो. ती कुठं अडलीत?"

"अहो, पालघर काय लांब आहे? फोन करा की त्यांना."

"फोनवर काय बोलायचं? चहा तर इथं असतो."

वैभवीने शेवटच्या निरोपाची तारीख बघितली. "पण मग कालचं 'आणा' कोणी लिहिलं?"

"उठून जावं लागतं."

"खोली चार पावलांवर आहे, काका. चार मिनिटं कशाला लागतात?"

"लगेच आणा म्हणायची नाय ती कदी."

वैभवीने निरोप वर सरकवत नेले. मधेच एका ठिकाणी 'नको' होतं.

"आणि हे?"

"डोकं दुखत होतं तिचं."

"तिकडून चालतंय का, ते बघायला लागेल," एवढं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. खुर्चीच्या पाठीवर धुतलेला नॅपकिन होता. कीबोर्डवर धूळ नव्हती. ती खुर्चीत बसली, तशी चौकट उजळली.

'चहा?'

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रस्त्यावरून कारखान्याची शिफ्टची बस गेली. एक कावळा खिडकीत येऊन बसला, आत कोणी नवीन आहे हे त्याने बघून घेतलं आणि गेला. बाहेरच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. खुर्चीसुद्धा करकरत नव्हती.

चार मिनिटं झाल्यावर तिने लिहिलं, 'आणा.'

बाहेर खुर्ची मागे सरकली. मग गॅसच्या लायटरचा आवाज आला, तीनदा.

चहा पिऊन झाल्यावर वैभवीने तक्रारीचा कागद भरला. 'दोष : सापडला नाही.' खाली आपलं नाव लिहिलं, सही केली आणि कागद आत्मारामांपुढे सरकवला. ग्राहकाच्या सूचनेची जागा रिकामी होती. ती कोणी भरत नाही, आणि भरली तरी कोणी वाचत नाही. आत्मारामांनी पेनाचं टोपण काढलं आणि कचेरीच्या अक्षरात लिहिलं :

'सदर शाखेत मार्च २०१९ चालू आहे. तरी त्या महिन्याचे इंटरनेट उपलब्ध करून देण्यात यावे, ही विनंती.'