कपाळावरची वेळ

“रक्त थांबवायला पट्टा आवळलास की वेळ जखमीच्या कपाळावर लिही. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही.”

फौजेतल्या सुभेदारसाहेबांचं हे सांगणं हणमंतच्या अंगवळणी पडलं होतं. फौज सोडून, परीक्षा देऊन परिचारकाची नोंदणी मिळवून या गावच्या दवाखान्यात लागल्याला आठवडाच झाला होता. डॉक्टरांनी सांगताच त्यानं उसाच्या चरकात चिरडलेल्या हाताला पट्टा आवळला आणि त्या माणसाच्या कपाळावर वेळ लिहिली.

“पुसा ते!” जखमीची बायको किंचाळली. “सटवीनं लिहिलंय तेवढं पुरे झालंय आम्हाला!” दारात नातेवाईक दाटले.

“ब्रदर, ही छावणी नाही,” इन्चार्ज सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. “तक्रार झाली तर नोंदणी जाईल. कागदावर लिहा.”

त्यानं ओल्या कापसानं कपाळ पुसलं, वेळ कागदावर लिहून बाईच्या हाती दिली. तो कागद तिच्या मुठीत चुरगळला. जखमीला न्यायचं ते मोठं इस्पितळ घाटापलीकडे. पट्टा कधीपासून आवळलाय हे तिथं कळलं नाही, तर हात जाणार.

“हात वाचेल ना, दादा?” बाईनं विचारलं, आता हळू.

“ते देव जाणे, वहिनी. वेळ मात्र मी पोचवतो.”

ड्यूटी संपली होती. घरी न जाता तो रुग्णवाहिकेत जखमीच्या उशाशी जाऊन बसला.