दंडारीची कॅसेट

बाबा गेल्यावर करिष्माने आरमोरीकडच्या दंडारीच्या, म्हणजे गावात रात्री रंगणाऱ्या लोकनाट्याच्या, खेळाची जुनी कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. गाण्यांमागे सारखी सूंऽऽ चालूच होती. गाणं सुरू होण्याआधीची नुसती सूं तिने सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दाखवली आणि सगळीकडून पुसून काढली. गाणी कशी लख्ख झाली! “आता आयक, माय.” रुखमाबाईने हेडफोन कानाला लावला आणि तिचा चेहराच उतरला. “यातून तुह्या बाबाले काऊन काढलं वं?” “बाबा तं गातच नव्हते!” “गात नव्हते. दंडारीत गॅसबत्ती सांभाळत. तिचाच तो आवाज. हवा उतरली का पंप मारत.” करिष्माने उलटं काम केलं. गाणी पुसली, सूं ठेवली. रुखमाबाई डोळे मिटून ऐकत राहिली. मधेच सूं मंदावत गेली, तशी ती पुटपुटली, “पंप मारा जी, अंधार होऊन राह्यला.” आणि कानातली सूं पुन्हा चढू लागली.