बिनविरोध

"आठवणीने बोलावलंत, आभारी आहे. पण जमणार नाही," एवढं बोलून कवळीवाल्याने फोन ठेवला आणि खुर्चीत बसकण मारली. तीन आठवड्यांचा घोळ एका वाक्यात मिटला. समोर बायको शेंगा निवडत होती. या फोनसाठी दोघांनी आज रजा काढली होती. सुटलो एकदाचे, असं दोघंही म्हणाले, पण सुटल्यासारखा चेहरा कुणाचाच दिसेना.

दातांच्या कवळ्या बनवण्यात त्याची हयात गेली होती. आता एका लहानशा शहरातल्या दंतमहाविद्यालयाने त्याला हे काम मुलांना शिकवायला बोलावलं होतं. जावं की राहावं, यावर कुठल्याही घरात नवराबायको भांडले असते. या घरातही दोघं भांडायला बसले, पण इथली भांडणाची रीत जगावेगळी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडून भांडून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा बायकोने नियमच करून टाकला होता. तो तिची बाजू मांडणार, ती त्याची. मध्ये तोंड घालायचं नाही. सोफ्याच्या रंगापासून सासूबाईंच्या मुक्कामापर्यंत सगळे प्रश्न असेच सुटले होते.

याही वेळी तसंच झालं. तो म्हणाला, तुझी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते, ती तुटेल. मोठं दुखणं आलं तर तिथे धड इस्पितळ नाही. शिवाय तिथे आपल्या घरात काय शिजलं ते आठवडाभरात सगळ्या गल्लीला ठाऊक होणार. ती म्हणाली, तुमचा पगार कमी होईल, तीस वर्षं तुम्हाला काम देणारे दातांचे डॉक्टर हातचे जातील, आणि या वयात नवे दोस्त काय झाडाला लागतात? जाण्याच्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच या घरात एखादी गोष्ट बिनविरोध ठरली. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"खिडकी मात्र सुरेख होती तिथली," तो सहज बोलून गेला. निकाल लागला की मनातलं बोलायला मोकळीक असायची. इथे त्याचं काम तळघरात चालायचं. भर दुपारी ट्यूबलाइटखाली दातांचा रंग जुळवायचा, आणि उजेडात नेली की कवळी हमखास पिवळट निघायची. तिथे भिंतभर खिडकी होती. घरही कामापासून दहा मिनिटांवर मिळालं असतं. इथे रोजचे तीन तास बसमध्ये जात, त्यात तिची नोकरी पहाटेची. नवराबायकोची धड गाठ पडायची ती रविवारी.

बायकोचे हात थांबले. "म्हणजे तुम्हाला जायचं होतं?"

"तुला नव्हतं ना जायचं. मी तुझ्या बाजूने बोललो."

"आणि मी तुमच्या."

मग तिने सगळं सांगितलं. तो मुलाखतीला आत गेला होता, तेवढ्या वेळात ती त्या शहरात एकटीच हिंडली होती. भाड्याने द्यायचं एक घर तिने आतून पाहिलं होतं. कपडे कुठे वाळत घालायचे, संध्याकाळी दोघांनी कुठल्या पायरीवर बसायचं, सारं मनाशी ठरवून झालं होतं. इतकी वर्षं आपण तिची बाजू मांडली, पण तिला एकदाही विचारलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याने पुन्हा फोन लावला. प्राचार्य भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळहळले. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला देऊन झाली होती, आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी.

"इतक्यात हो म्हणाले ते?" त्याने विचारलं. "विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही?"

"मी देत होतो की दोन दिवस," प्राचार्य म्हणाले. "ते म्हणाले, कशाला? घरी विचारायला कुणीच नाही."