अर्धा सेकंद

अनंतला मिळणार होतं बिबवेवाडीतलं दोन खोल्यांचं, रस्त्याकडचं घर. त्यासाठी एकच काम उरलं होतं. मेलेल्या भावाचा आवाज त्याच्या ओठांशी जुळवून घ्यायचा.

"मोबाईलवरून डीव्हीडी केली की आवाज मागे पडतोच म्हणे," तो म्हणाला.

कादरभाईंनी तेवीस वर्षं लोकांची लग्नं डिस्कवर उतरवली होती. त्यांनी व्हिडिओ चारदा पुढे-मागे केला. हॉस्पिटलच्या खाटेवर गोपाळकृष्ण उशीला टेकून आईसाठी निरोप सांगत होता.

"मोबाईलचा आवाज हळूहळू घसरतो, साहेब. इथे दोन मिनिटं सगळं चोख आहे. 'घर अनंताला दे' म्हणतात आणि तिथून पुढे एकदम अर्धा सेकंद मागे. मध्ये काहीतरी घुसलंय."

"निदान नको. इलाज सांगा."

कादरभाईंनी व्हिडिओ पुन्हा मागे नेला. आधी एकदा 'अनंताला सांगितलंय औषधं आणायला' असं येऊन गेलं होतं. दोन्हीकडचं 'अनंताला' हुबेहूब एकाच सुरात होतं. एकाच खोकल्यासकट.

"त्या वाक्यावर एखादा जुना फोटो टाकू? ओठ झाकले जातील."

"चित्राला हात लावायचा नाही. आईला शंका येईल. आवाज तेवढा सरकवा. जमत नसेल तर पुण्यात दुकानं बरीच आहेत."

कादरभाईंनी आवाज सरकवला. इतका नेमका, की त्यांनाच त्याची लाज वाटली.

रविवारी सकाळी ते डिस्क घेऊन अनंतबरोबर त्याच्या आईच्या घरी गेले. जुना प्लेअर कुठली डिस्क नाकारेल, सांगता येत नाही. दार सुनेनं, मुक्तानं उघडलं. गोपाळकृष्ण गेल्यावर ती सासूपाशीच राहिली होती. तिला माहेर उरलं नव्हतं.

वेणूबाई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. घर त्यांच्या नावावर होतं. टेबलावर मृत्युपत्र होतं, नावाची जागा कोरी.

"मोबाईलवर त्याचा चेहरा इवलासा दिसतो," त्या कादरभाईंना म्हणाल्या. "म्हटलं, इथे मोठा बघू. तो सांगेल ते नाव घालू."

डिस्क लागली. अनंतने आवाज वाढवला.

गोपाळकृष्ण बोलू लागला. वेणूबाईंची पापणी लवत नव्हती. कादरभाई जमिनीकडे बघत मनात सेकंद मोजत होते. वाक्य आलं. खोलीभर स्वच्छ ऐकू आलं, 'बिबवेवाडीचं घर अनंताला दे.'

मुक्ताची मान खाली गेली. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं.

वेणूबाईंनी डोळे पुसले. "शेवटपर्यंत शुद्ध होती हो त्याला," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. अनंतने पेन दिलं. टोपण काढूनच दिलं.

त्यांनी सावकाश, गोल अक्षरांत नाव लिहिलं. खाली सही केली.

अनंतने कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला.

"आई, हे काय? मुक्ता? दादा काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

वेणूबाई पेनाला टोपण लावत राहिल्या.

"आई, तुला विचारतोय मी."

त्यांनी मान वर केली नाही. मुक्तानं डोळे पुसत टीव्हीकडे पाहिलं, मग सासूकडे, मग दिराकडे.

"भावजी, तुमचं येणंच कमी. दोन वर्षं झाली, आईंना काही ऐकू येत नाही. ओठ बघून त्यांना सगळं कळतं."